किनाऱ्यावर वाहून आलेला अनोळखी पदार्थ कसा ओळखावा

भरतीबरोबर किनाऱ्यावर येऊन पडलेला एखादा मेणचट, चिकट किंवा टणक गोळा दिसला की बहुतेक जण तो आधी उचलतात, मग हुंगतात आणि तो काय असावा याचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम नेमका उलटा हवा. अशा पदार्थाची निम्मी ओळख त्याला हात लावण्यापूर्वीच पटू शकते, कारण तो कुठे, किती आणि कशाच्या सोबत पडला आहे, या गोष्टी त्याच्या रंगापेक्षा आणि वासापेक्षा जास्त सांगतात. रंग उन्हाने उडतो, वास खाऱ्या वाऱ्याने बदलतो आणि आकार लाटांनी घासून गोल होतो, त्यामुळे केवळ छायाचित्रावरून केलेली ओळख बऱ्याचदा चुकते.

पहिला प्रश्न पदार्थ कोणता हा नसून तो धोकादायक आहे का, हा आहे. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर, विशेषतः उझेडोम बेटाच्या परिसरात, दुसऱ्या महायुद्धातील आगलाव्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस अजूनही वाहून येतो. त्याचे पिवळसर खडे ॲम्बरच्या, म्हणजे झाडांच्या अश्मीभूत राळेच्या खड्यांशी इतके जुळतात की लोक ते हौसेने खिशात टाकतात. ओला असेपर्यंत फॉस्फरस शांत असतो; तो वाळला आणि अंगाची ऊब मिळाली की आपोआप पेट घेतो, आणि त्याची आग सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. म्हणूनच पिवळा, पारभासक, अनोळखी खडा खिशात कधीही ठेवू नये, तो पत्र्याच्या डब्यात ठेवावा. लसणासारखा वास येत असेल किंवा वाळताना पांढरा धूर दिसू लागला, तर त्यावर भरपूर पाणी किंवा ओली वाळू टाकावी, लांब व्हावे आणि आपत्कालीन यंत्रणेला कळवावे. विझल्यावरही तो वाळला की पुन्हा पेटतो, हे ध्यानात ठेवावे.

धातूच्या बंद नळ्या, डबे आणि कापडी पिशव्या यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. जहाजांवरील धान्याला कीड लागू नये म्हणून वापरले जाणारे ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फीन हा विषारी वायू सोडते, आणि त्याचे डबे अनेक देशांच्या किनाऱ्यांवर सापडले आहेत. संकटसूचक ज्वाळा सोडणाऱ्या नळ्या वापरलेल्या वाटल्या तरी त्यांतील दारू शिल्लक असू शकते. अशा वस्तू ओळखत बसू नये. त्यांची जागा नोंदवून कळवणे एवढेच आपले काम. निळसर फुगा आणि लांब तंतू असलेला 'ब्लू बॉटल' हा जीवही याच यादीत येतो, कारण तो मरून वाळल्यावरही त्याच्या दंशपेशी काम करतात. सोबत कुत्रा असेल तर त्याला दोरीने बांधूनच न्यावे. वाहून आलेले चरबीचे गोळे कुत्री आवडीने खातात आणि त्यातून गंभीर आजारी पडतात.

धोक्याची शक्यता दूर झाली, की पदार्थाकडे नव्हे, किनाऱ्याकडे बघावे. भरतीच्या पाण्याने मागे सोडलेल्या केरकचऱ्याच्या रेघेवरून दोन्ही बाजूंना शे-दोनशे पावले चालावे आणि तसाच पदार्थ आणखी दिसतो का, ते पाहावे. एकच गोळा सापडणे आणि रेघभर लहानमोठे गोळे विखुरलेले असणे यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. दुसऱ्या प्रकारात बहुधा जहाजातून सांडलेला माल, टाक्या धुतलेले पाणी किंवा तेलगळती असते. ऑगस्ट २०१७ मध्ये हाँगकाँगच्या किनाऱ्यांवर पांढऱ्या ढेकळांचा खच पडला, तेव्हा त्यामागे पर्ल नदीच्या मुखाजवळ झालेली दोन जहाजांची टक्कर होती आणि ती ढेकळे पाम स्टिअरिनची, म्हणजे पाम तेलाच्या घट्ट भागाची होती. अशा प्रसंगी आधीच्या चार-आठ दिवसांत वारा कोणत्या दिशेने वाहत होता आणि वादळ झाले होते का, ही माहिती रासायनिक चाचणीइतकीच उपयोगी पडते.

वस्तू समुद्रात किती काळ होती, हे तिच्यावर वाढलेले जीव सांगतात. देठ असलेले बार्नकल, म्हणजे कवचाचे छोटे समुद्री जीव, तरंगत्या वस्तूंना चिकटून वाढतात. ते चांगले वाढलेले असतील तर ती वस्तू काही आठवडे तरी खुल्या पाण्यात फिरलेली असते. मऊ, सतत झिजणाऱ्या चरबीवर ते सहसा टिकत नाहीत, पण तिच्यावर पक्ष्यांच्या चोचींच्या आणि माशांच्या दातांच्या खुणा मात्र दिसतात. उलटपक्षी, वाहून आलेली वस्तू अलीकडचीच असेल असे गृहीत धरू नये. २०१८ पासून ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर रबराचे जड, चौकोनी गठ्ठे येऊ लागले. एका गठ्ठ्यावर फ्रेंच इंडोचायनाचा छाप वाचता आला आणि पुढे हा माल जानेवारी १९४४ मध्ये बुडालेल्या 'रिओ ग्रांदे' या जर्मन जहाजातला असल्याचे संशोधकांनी सांगितले. अक्षरे, दोऱ्याचे वळ, गोणपाटाचा ठसा, साच्याच्या कडा यांपैकी काहीही दिसले तर ते पुसण्याआधी तिरप्या उजेडात टिपून घ्यावे. त्यामुळे पुढच्या सगळ्या चाचण्या अनावश्यक ठरू शकतात.

यानंतर हातमोजे घालून पदार्थाचा लहानसा तुकडा वेगळा करावा. घरगुती तपासणीला फार साहित्य लागत नाही: काचेचे दोन पेले, मीठ, पांढरे व्हिनेगर, भिंग, सुई, तापमापक आणि चांगला उजेड. तुकडा कापून आधी त्याचा छेद पाहावा, कारण बाहेरचे कवच वाळू, शैवाल आणि ऊन यांनी बनलेले असते, तर खरा पदार्थ आत असतो. आत थर आहेत का, बुडबुडे आहेत का, काही रुतलेले आहे का, आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद आहे की फिका, याची नोंद करावी. वास घेताना तुकडा नाकाशी नेऊ नये, हाताने हवा आपल्याकडे ढकलून घ्यावी. नख किंवा काडी दाबून पाहिल्यास पदार्थ ठिसूळ आहे, मेणासारखा ओरखडतो की रबरासारखा परत वर येतो, हे कळते आणि तेवढ्यानेही शक्यता बऱ्याच कमी होतात.

पाण्यात तरंगण्याची चाचणी सर्वांना ठाऊक असते, पण तिचा अर्थ लावताना गफलत होते. गोड्या पाण्याची घनता १.००, समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ आणि भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्याची त्याहून बरीच अधिक असते. मेण, चरबी आणि पॉलिथिलीन गोड्या पाण्यातही तरंगतात. ॲम्बर गोड्या पाण्यात बुडते आणि दाट मिठाच्या पाण्यात वर येते. मात्र पॉलिस्टायरीनही तसेच वागते, त्यामुळे या एका चाचणीवर ॲम्बरचा निर्णय देता येत नाही. शिवाय ज्यात हवेच्या पोकळ्या आहेत असा कोणताही पदार्थ, मग तो दगड का असेना, तरंगणारच. म्हणून सच्छिद्र वस्तूचा छोटा कण बारीक कुटून पुन्हा पाण्यात टाकावा. हवा निघून गेल्यावर तो बुडाला, तर मूळ पदार्थ पाण्यापेक्षा जड आहे.

पांढऱ्या किंवा पिवळसर मेणचट गोळ्यांच्या बाबतीत कोमट पाण्याची चाचणी सर्वांत निर्णायक ठरते, आणि माझ्या मते ती पुढे दिलेल्या तापल्या सुईच्या चाचणीआधीच करावी. हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यात टाकून पाणी हळूहळू तापवावे आणि तो कोणत्या तापमानाला वितळतो, ते बघावे. पाम तेल ३५ अंशांच्या आसपास पातळ होते, पाम स्टिअरिन त्यापेक्षा वरच्या तापमानाला, तर पॅराफिन मेण त्याच्या प्रतीनुसार साधारण ४६ ते ६८ अंशांदरम्यान वितळते. चरबी किंवा तेल असेल तर पाण्यावर तवंग येतो आणि कागदावर टिपल्यास न वाळणारा पारदर्शक डाग पडतो. मेणाचा डाग मात्र थंड होताच घट्ट होतो आणि नखाने खरवडून निघतो. खवट किंवा डिझेलचा वास येणारी पांढरी ढेकळे बहुतांशी अशा तेलांचीच असतात. टाक्या धुऊन ते पाणी समुद्रात सोडण्याची मुभा जहाजांना पूर्वी बरीच सैल होती. १ जानेवारी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वायव्य युरोप आणि बाल्टिकच्या परिसरात, तरंगत राहणाऱ्या घट्ट पदार्थांच्या टाक्या बंदरातच आधी धुऊन ते पाणी तिथेच देणे बंधनकारक झाले आहे.

काळ्या किंवा गडद तपकिरी गोळ्यांपैकी बरेचसे डांबरगोळे असतात. सांडलेल्या किंवा समुद्रतळातून झिरपणाऱ्या खनिज तेलातील हलके घटक उडून गेल्यावर, उरलेला जड भाग लाटांनी मळला जाऊन ते तयार होतात. बाहेर वाळूचे कडक कवच, आत चकचकीत काळा लगदा, उन्हात मऊ पडणे आणि पेट्रोलजन्य वास, या त्यांच्या खुणा. साध्या खाद्यतेलाचा थेंब चोळल्यास डांबर विरघळून तपकिरी ओघळ येतो. हातापायांना लागलेले डांबरही याच मार्गाने, तेल आणि साबण लावून काढावे. रॉकेल किंवा पेट्रोल त्वचेवर वापरू नये. तरीही काळा गोळा दिसला की तो डांबरच, असे म्हणून मोकळे होऊ नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडनीच्या कूजी किनाऱ्यावर हजारो काळे गोळे आले, तेव्हा सुरुवातीला ते डांबरगोळेच मानले गेले होते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील तपासणीत त्यांत चरबीयुक्त आम्ले, साबणजन्य क्षार, केस आणि मैलापाण्याशी जोडले जाणारे घटक आढळले. म्हणजे ते तेलविहिरीचे नव्हे, तर शहरी सांडपाण्याचे अपत्य होते. अशा गोळ्यांमध्ये रोगजंतू असू शकतात, म्हणून काळा गोळा उघड्या हाताने फोडू नये.

आता त्या पदार्थाकडे वळू, ज्याच्या आशेने बहुतेक जण हा सगळा खटाटोप करतात: अंबरग्रीस, ज्याला बोलीत व्हेलची उलटी म्हणतात. तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. माकुळाच्या न पचणाऱ्या चोचींभोवती तो साचत जातो, आणि स्पर्म व्हेलपैकी फार थोड्यांच्या पोटात तो सापडतो. ताजा असताना तो काळा, चिकट आणि शेणाच्या वासाचा असतो. वर्षानुवर्षे समुद्रात तरंगून ऑक्सिडीकरण झाल्यावर करडा ते पांढुरका होतो आणि त्याला कस्तुरी, जुने लाकूड व समुद्री शैवाल यांच्या जवळ जाणारा वास येतो. छेदात थर दिसणे आणि त्यांत काळ्या, चकचकीत, वाकड्या चोचींचे तुकडे रुतलेले असणे, ही त्याची सर्वांत भरवशाची दृश्य खूण आहे. भिंगाखाली त्या चोचींची धार आणि वळण स्पष्ट दिसते. वाळूचे खडे किंवा शिंपल्याचे तुकडे त्यांच्याशी गल्लत होण्यासारखे नसतात.

सुईची चाचणी करताना वर सांगितलेला फॉस्फरसचा धोका पूर्णपणे वगळलेला असावा आणि ती मोकळ्या हवेत, अगदी लहान तुकड्यावर करावी. चिमट्यात धरलेली सुई ज्वाळेवर लाल होईपर्यंत तापवून तुकड्याला टेकवावी. अंबरग्रीस असेल तर सुईभोवती लगेच गडद तपकिरी ते काळा, चकाकणारा द्रव जमतो, पांढरा धूर निघतो आणि थंड होत असताना त्याला बोट लावल्यास चिकट तार येते. मेण किंवा चरबी असेल तर द्रव स्वच्छ किंवा फिकट दिसतो. प्लास्टिक असेल तर नाकाला झोंबणारा धूर येऊन लांब धागे ओढले जातात. दगड, हाड किंवा लाकूड वितळत नाही. सुमारे ६० अंशांच्या पुढे वितळणे आणि गरम अल्कोहोलमध्ये विरघळणे हे गुण या निष्कर्षाला दुजोरा देतात, पण अंतिम खात्री प्रयोगशाळेतच होते. कायद्याची बाजू त्याआधीच पाहून घ्यावी, कारण ती देशागणिक बदलते. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अंबरग्रीस बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही त्याचा व्यापार करता येत नाही. जिथे मनाई आहे तिथे संशय येताच तुकडा घरी नेण्याऐवजी जागेवरच ठेवून वन विभागाला कळवणे शहाणपणाचे. खरे सांगायचे तर, अंबरग्रीस म्हणून आणलेल्या वस्तू तपासणीत बहुधा चरबी, मेण, रबर, प्लास्टिक किंवा कुजका स्पंज निघतात.

मऊ, बुळबुळीत आणि पारदर्शक गोष्टी रसायनांपेक्षा सजीवांकडे बोट दाखवतात. भिंगाखाली एकसारख्या अंतरावर ठिपके दिसले तर ती गोगलगाय, माकूळ किंवा माशांची अंडी असण्याची शक्यता मोठी. वाळूची बनल्यासारखी वाटणारी, कॉलरच्या आकाराची पातळ पट्टी हाही एका समुद्री गोगलगायीच्या अंड्यांचा साचा असतो. काळी, चामड्यासारखी, चार शिंगांची चपटी पिशवी ही स्केट माशाची अंडपिशवी. ती रिकामी असेल तर तिच्या एका टोकाला पिल्लू बाहेर पडल्याची फट दिसते. पांढरे, हलके, एका बाजूने खडूसारखे भुरभुरणारे लंबगोल कवच म्हणजे समुद्रफेस, अर्थात माकुळाच्या जातीतील प्राण्याचे आतले कवच. त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाकले की चुनखडीमुळे फसफस होते.

प्रचंड आकाराचे, धाग्याधाग्यांचे, ना डोके ना हाडे असे मांसाचे गोळे मात्र भल्याभल्यांना चकवतात. १८९६ मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे आलेल्या अशाच एका गोळ्याला नामवंत प्राणिशास्त्रज्ञ ॲडिसन व्हेरिल यांनी आधी महाकाय ऑक्टोपस ठरवले आणि पुढे स्वतःच मत बदलले; तरीही हा वाद शंभर वर्षे रेंगाळला. जुन्या नमुन्यांच्या अभ्यासातून तो व्हेलच्या चरबीतील कोलॅजन या चिवट, तंतुमय प्रथिनाचा सांगाडा असल्याचे दिसून आले. २००३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर आलेला मोठा गोळाही डीएनए तपासणीत स्पर्म व्हेलचाच निघाला. शरीर कुजताना हाडे निसटून पडतात आणि चिवट कोलॅजन तेवढे उरते, हे एकदा ठाऊक झाले की अशा गोळ्यातील गूढ बरेच ओसरते.

दगडासारख्या वस्तूंमध्ये दोन फसवे प्रकार आहेत. तरंगणारा, सच्छिद्र, करडा दगड बहुधा ज्वालामुखीतून आलेला प्यूमिस असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या दक्षिणेकडील फुकुतोकु-ओकानोबा या सागरी ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर त्याचे थर शेकडो किलोमीटर दूर ओकिनावाच्या बंदरांत साचले. दुसरा प्रकार जळालेल्या प्लास्टिकचा. तो झिजून हुबेहूब गोटा बनतो, पण उचलताच अपेक्षेपेक्षा फार हलका लागतो आणि गरम सुईने वितळतो. मसुरीएवढे एकसारखे, पारभासक मणी वाळूत दिसले तर ती कोणाची अंडी नसून प्लास्टिक उद्योगाचा कच्चा माल असतो. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' हे जहाज जळून बुडाले, तेव्हा असे सुमारे १,६८० टन मणी समुद्रात गेले आणि त्यांतले कित्येक जळून वेड्यावाकड्या ढेकळांच्या रूपात किनाऱ्याला लागले. मणी चिमटीत दाबून पाहावा: अंडे फुटते, प्लास्टिक फुटत नाही. फेसाबद्दल एवढेच सांगता येईल की तो बहुतेक वेळा शैवालातील सेंद्रिय द्रव्ये लाटांनी घुसळली गेल्याने होतो, मात्र जाड फेसात कधीही उतरू नये.

इतके करूनही ओळख पटली नाही, तर नमुना नीट घेणे हे सर्वांत महत्त्वाचे काम ठरते, आणि हौशी मंडळी नेमकी इथेच घाई करतात. तेलकट किंवा मेणचट पदार्थ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास पिशवीतली रसायने त्यात उतरतात, म्हणून स्वच्छ काचेची बरणी घ्यावी, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावावी आणि ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. मांसल पदार्थाचा छोटा तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये बुडवावा. फॉर्मलिनने आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो. एकाच ढिगाचे दोन नमुने, एक पृष्ठभागाचा आणि एक आतला, वेगवेगळे घ्यावेत. बरणीवर दिनांक, वेळ, भरतीची स्थिती, नेमके ठिकाण आणि अंदाजे एकूण प्रमाण लिहावे. छायाचित्रांत मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे आणि एक छायाचित्र दूरवरून, संपूर्ण किनारा दिसेल असे घ्यावे.

कुठे कळवायचे, हे पदार्थावर ठरते: तेल किंवा मालाची गळती वाटल्यास तटरक्षक दल वा प्रदूषण नियंत्रण यंत्रणा, प्राण्याचा अवशेष असल्यास वन विभाग किंवा सागरी जीवशास्त्राचा विभाग, आणि निव्वळ अनोळखी रसायन असल्यास जवळच्या विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग. २०२४ मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यांवर पांढरे, पिठाच्या उंड्यासारखे गोळे आले, तेव्हा मेमोरियल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी ते ब्युटाइल रबर आणि पॉलिव्हिनाइल ॲसिटेट यांचे, म्हणजे औद्योगिक चिकट द्रव्याच्या जातीचे असल्याचे सांगितले. हा निष्कर्ष घरच्या कोणत्याही चाचणीने निघाला नसता. अवरक्त वर्णपट, वायू-वर्णलेखन आणि डीएनए तपासणी या तीन पद्धती मिळून बहुतेक नमुन्यांचा उलगडा होतो, पण यांपैकी कोणती लावायची हे ठरवताना प्रयोगशाळा पहिल्यांदा आपली नोंद वाचते. म्हणून घरी केलेल्या चाचण्यांचे निकाल, जे अपेक्षेविरुद्ध गेले तेही, नमुन्यासोबत लिहून द्यावेत आणि अहवाल येईपर्यंत दुसरी बरणी उघडू नये.